अंतोनबाबाचा डावा गाल

संभाजीनगर, बुधवार

निघताना शेजारच्या फिलोमिनाबाईंनी विचारलं होतं, "तिकडे आपली माणसं आहेत का हो?" आपली म्हणजे ख्रिस्ती. मलाही नीट ठाऊक नव्हतं. आमच्या वसईत चालत जाण्याच्या अंतरावर तीन चर्च आहेत आणि डोळे मिटून घंटा ऐकली तरी कोणत्या चर्चची ते पोरंसुद्धा सांगतील. मराठवाडा म्हटलं की आम्हाला लेणी आठवतात आणि वर्तमानपत्रात छापून येणारे पाण्याचे टँकर. त्यापलीकडे माझी माहिती गेली नव्हती.

मी चर्चमधल्या मूर्ती दुरुस्त करतो. तुटलेले हात, उडालेली बोटं, टवके निघालेले अंगरखे. चाळीस वर्षं हेच केलं. फुलंब्रीच्या पुढच्या एका खेड्यातल्या फादरांनी कुणाकडून तरी माझा नंबर मिळवला आणि फोन केला. त्यांच्या चर्चमधली संत अंतोनींची मूर्ती साफसफाई करताना पडली होती. ज्या हातावर बाळयेशू बसलेला असतो तो हात खांद्यापासून निखळला होता. मंगळवारी अंतोनींचा सण आणि सणाला बिशप यायचे होते. "बस्त्यावकाका, एकदम नव्यासारखी करून द्या," फादर म्हणाले. ते केरळचे. मराठी पुस्तकातून शिकलेले, त्यामुळे प्रत्येक शब्द नीट घडी घालून ठेवल्यासारखा बोलत.

माझी बायको लुसी गेल्यापासून मी लांबचं काम घेतलं नव्हतं. हे का घेतलं ते सांगता येणार नाही. घरात बसवत नव्हतं, एवढंच.

सकाळी संभाजीनगरला उतरलो तेव्हाच ऊन डोक्यावर आल्यासारखं होतं. आमच्याकडे जूनमध्ये अंग घामानं चिकचिकतं. इथं घाम यायच्या आत वाळतो आणि ओठ फुटतात. एसटीच्या पाटीवर शहराचं नवं नाव, दुकानांच्या पाट्यांवर अजून जुनं. लोक बोलताना दोन्ही वापरत होते आणि कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं.

क्रांती चौकाजवळ रंगाचं दुकान शोधलं. अंतोनींच्या अंगरख्याला मातकट तपकिरी लागतो, चॉकलेटी चालत नाही. दुकानदार सगळे डबे काढून दाखवत होता. "कैसा होना चाचा? हा बघा, हा गहरा आहे." मी म्हणालो, पाऊस न पडलेल्या मातीचा पाहिजे. तो हसला. "फिर तो बाहर देखो, सगळीकडं तोच आहे." शेवटी दोन रंग मिसळून घ्यायचं ठरवलं. हे मिसळण्याचं काम लुसी करायची. चेहऱ्याचा रंग तर तीच जमवायची, स्वतःच्या मनगटावर थोडा लावून बघायची.

दुपारी नान-खलिया खाल्लं. तबकाएवढा पिवळसर नान आणि लाल तर्रीत मटण. शेजारच्या बाकावरचा माणूस नानाचा तुकडा मोडून रश्श्यात बुडवून बराच वेळ तसाच ठेवत होता. मीही तसंच केलं आणि चव कळली. लुसी असती तर मसाल्यात काय काय आहे ते विचारायला आत भटारखान्यात गेली असती. मी बिल देऊन बाहेर पडलो. पिशवी उचलली तर खाली ओघळ. एका डब्याचं झाकण सुटलं होतं. सणाला घालायला आणलेला पांढरा सदरा तपकिरी झाला होता.

फुलंब्रीच्या पुढे, गुरुवार

फादरांनी फुलंब्रीला अशोक नावाच्या रिक्षावाल्याला पाठवलं होतं. चाळिशीचा, कमी बोलणारा. रिक्षात पुढच्या काचेवर बाबासाहेबांचा लहानसा फोटो. वाटेत दोन्ही बाजूंना नांगरून ठेवलेली काळी रानं, बांधांवर कपाशीच्या पऱ्हाट्यांचे ढीग, लांबवर उघडे डोंगर. ढग येत होते आणि तसेच पुढे जात होते. अशोकनं एकदा वर पाहिलं आणि म्हणाला, "रोज असंच करतंय."

चर्च म्हणजे दगडी भिंती आणि वर पत्रे. मनोरा नाही. घंटा बाहेर लिंबाच्या फांदीला टांगलेली. आमच्याकडे बाकं असतात, गुडघे टेकायला गाद्या असतात. इथं दाराबाहेर चपला काढायच्या आणि सतरंजीवर बसायचं, बायका डोक्यावर पदर घेऊन. वेदीपुढे उदबत्त्या आणि नारळ. भिंतीला टेकवून ढोलकी ठेवलेली. मला सुरुवातीला आपण दुसऱ्याच कुणाच्या देवळात आलो असं वाटलं. मग क्रुसापुढे हात आपोआप कपाळाकडे गेला.

मूर्ती जुनी, प्लास्टरची, साडेतीन फूट. हाताचं काम सोपं होतं. आतली सळई गंजून फुगली होती, ती बदलायची. चेहऱ्याची मात्र दैना झाली होती. पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी हात लावून लावून रंग गेलेला. नाकाचा शेंडा झिजलेला. उजव्या भिवईपासून खाली एक बारीक तडा, आणि डाव्या गालावर तीन खड्डे. प्लास्टर ओतताना आत हवेचे बुडबुडे राहिले की बऱ्याच वर्षांनी वरचा पापुद्रा सुटतो आणि असे खड्डे पडतात. कच्च्या हाताचं काम. मी नेहमीप्रमाणे मोबाइलवर सगळीकडून फोटो काढून ठेवले आणि मूर्ती टेबलावर आडवी केली.

तीनच्या सुमारास अशोक एका म्हातारीला हाताला धरून घेऊन आला. पंचाहत्तरीची तरी असेल. एक डोळा पूर्ण पांढरा, दुसऱ्यानं उजेड आणि सावली एवढंच कळत असावं. कोनाड्यात मूर्ती जिथं उभी असायची तिथं ती बरोबर गेली आणि तोंडाच्या उंचीवर हात पुढे केला. हाताला काही लागलं नाही. ती तशीच हात धरून उभी राहिली. अशोकनं तिला वळवलं आणि टेबलापाशी आणून तिचा हात मूर्तीच्या कपाळावर ठेवला.

"निजवलाय व्हय?" ती म्हणाली.

"काम करायला आडवा केलाय, मावशी," मी म्हणालो.

तिची बोटं कपाळावरून नाकावर आली, तिथून डाव्या गालावर. तिथं थांबली. "लई लागलं का?"

"हात निखळलाय. बसवून देतो."

"आन् तोंडाला?"

"तोंडाला पडून काही झालेलं नाही. पण जुनं झालंय फार. तेही करून देतो."

"तोंड ऱ्हाऊ द्या, मिस्तरी. हात तेवढा बसवा."

मी तिला समजावलं की बिशप येणार आहेत, फादरांनी सगळंच नवं करायला सांगितलंय. ती ऐकून घेत होती. मग तिनं विचारलं, "तुमचा कोन?"

मला कळलं नाही. अशोक म्हणाला, "संत, काका. आजी ज्याला त्याला इचारती. तुमच्यात परतेकाचा एक असतो म्हन ना."

असतो. लुसीचे अंतोनीच होते. माझं नाव बस्त्याव, म्हणजे लहानपणापासून माझे सेबास्तियन. पण लुसीच्या आजारपणात मी सगळ्यांच्या पायाशी बसून झालो होतो आणि ती गेल्यावर कुणाच्याच पायाशी बसलो नव्हतो. मी म्हणालो, "माझे सगळेच, मावशी. सगळ्यांचं काम करतो ना मी."

"सगळे म्हंजे कोनीच नाय," ती म्हणाली. टोमणा नव्हता त्यात. दुखण्याचं नाव सांगावं तसं म्हणाली, आणि अशोकचा हात धरून निघून गेली. तिचं नाव सगुणाबाई, आणि गेली पन्नास वर्षं तिनं एकही मंगळवार चुकवला नाही, असं फादरांनी संध्याकाळी जेवताना सांगितलं. ज्वारीची भाकरी, येसरची आमटी आणि ठेचा होता. ठेच्यानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा फादर म्हणाले, "पहिलं वर्ष मीही असाच रडलो, काका. मग सवय झाली."

शुक्रवार, शनिवार

हात बसवला. बाळयेशूची दोन बोटं नवी केली. अंगरखा खरवडून प्रायमर दिला. चर्चचे पत्रे दुपारी असे तापत की भेगा बुजवायची लांबी भरता भरता पात्यावर सुकायची. मी ओलं फडकं डोक्यावर टाकून काम करत होतो.

शनिवारी संध्याकाळी चेहऱ्याशी आलो. खोटं कशाला सांगू, तेव्हा मला म्हातारीचं बोलणं आठवलं होतं. क्षणभर थांबलोही. पण प्रत्येक गावात एखादी म्हातारी असं म्हणतेच, जुनं राहू द्या. आणि काम झाल्यावर तीच सगळ्यांत आधी डोळे पुसते. चाळीस वर्षांत याला अपवाद पाहिला नव्हता. शिवाय दुसरंही एक होतं. शेवटच्या दोन महिन्यांत लुसीचा चेहरा असाच झिजला होता. नाक पुढं आलेलं, गाल आत गेलेले. तेव्हापासून झिजलेला चेहरा माझ्यानं बघवत नाही. तो नीट करता येत असेल तर करून टाकावा असं वाटतं. लुसीचा करता आला नव्हता.

पॉलिश पेपर घेतला आणि चेहरा घासला. तडा भरला. नाकाला शेंडा दिला. गालावरचे तिन्ही खड्डे भरले, सुकू दिले, पुन्हा घासले. दहा मिनिटांचं काम. मग रंग. लुसीसारखा माझ्या मनगटावर लावून पाहिला. रंग असा जमला की मी स्वतः मागे सरून बघत राहिलो. तरुण, निरोगी, गुळगुळीत गालांचा अंतोनी. लुसीला दाखवावा असं वाटलं आणि मग स्टुलावर बसून राहिलो.

अजिंठा, रविवार

चर्चमधली रविवारची उपासना, म्हणजे मिस्सा, झाल्यावर फादर म्हणाले, इतकं लांब आलात, लेणी बघून या. एसटीनं गेलो. दरीत पाण्याचा टिपूस नव्हता. डोंगराचा तो घोड्याच्या नालासारखा कडा उन्हात पांढरा पडला होता. सहलीला आलेल्या बायका पायऱ्यांवर बसून डबे खात होत्या आणि माकडं त्यांच्या हातांकडे बघत होती.

आत अंधारात डोळे सरावायला वेळ लागला. मग भिंतीवरून एकेक चेहरा वर आला. मी रंगाचाच माणूस, त्यामुळे मी त्या चेहऱ्यांपेक्षा गिलावा पडून गेलेल्या जागा बघत होतो. एका राणीसारख्या बाईचा अर्धा चेहरा उरला होता. उरलेल्या अर्ध्या जागी नुसती भिंत. कडा मात्र कुणीतरी हलक्या हातानं बांधून घेतल्या होत्या, जेणेकरून उरलेला रंग पडू नये. मी तिथल्या राखणदाराला विचारलं, "एवढं केलं, मग बाकीचा चेहरा का नाही काढला?"

"काढत नाहीत," तो म्हणाला.

"का?"

"कुणाला ठाऊक हो, तिचा कसा होता."

मला त्या लोकांची कीव आली. कामात निम्म्यावर थांबलेली माणसं. माझ्या हाती दिलं असतं तर मी पुरा केला असता, असं खरोखर माझ्या मनात आलं. हे इथं लिहिताना लाज वाटते, पण त्या दिवशी परतीच्या एसटीत मी चांगल्या मनःस्थितीत होतो. बऱ्याच महिन्यांनी.

मंगळवार, सण

सकाळपासून आजूबाजूच्या वस्त्यांवरून माणसं आली. ट्रॅक्टरमधून, मोटारसायकलवरून, काही चालत. आमच्याकडे सणाला ब्रास बँड असतो. इथं हलगी आणि लेझीम. बिशपांना फेटा बांधला. मिस्सा झाल्यावर मूर्तीवरचा पडदा काढला. मग बायका एकमेकींना सांगू लागल्या, "जित्ता वाटतो बाई." बिशपांनी मला पुढे बोलावलं. रंगाचे डाग पडलेल्या सदऱ्यावर मी फादरांचं जॅकेट घातलं होतं. टाळ्या वाजल्या.

लोक रांगेनं येऊन मूर्तीच्या पायाला, हाताला हात लावत होते. रांगेत सगुणाबाई होत्या. अशोक बाजूनं चालत होता. अंगावर नवी हिरवी साडी, हातात पिवळ्या फुलांचा हार. मी मुद्दाम जवळ जाऊन उभा राहिलो. खरं सांगायचं तर त्यांच्या तोंडून ऐकायला उभा राहिलो.

त्यांनी हार अशोकजवळ दिला आणि हात वर केला. कपाळ, नाक. नाकावर बोट थांबलं. मग हात डाव्या गालावर आला. बोटं फिरली. पुन्हा वरून खाली फिरली, काही शोधावं तशी. मग उजवा गाल चाचपला, आपलीच चूक झाली असेल म्हणून. परत डावा.

"ह्यो कोन हाय?" त्यांनी विचारलं.

फादर पुढे झाले. "आजी, अंतोनबाबाच आहेत. काकांनी नवे केले."

त्यांनी हात काढून घेतला. मागची रांग पुढे सरकत होती, कुणीतरी म्हणालं, आजी व्हा पुढं. "बरं," त्या म्हणाल्या. हार अशोकच्या हातातच राहिला. सगळे मांडवात जेवायला बसले तेव्हा त्या नव्हत्या. अशोक त्यांना घरी सोडून आला, आणि माझ्याजवळ येऊन तो हार टेबलावर ठेवत म्हणाला, "इचारायचं व्हतं ना काका, एकदा."

"तिनं सांगितलं होतं," मी म्हणालो.

बुधवार

सगुणाबाईंचं घर अशोकच्या घराला लागूनच. दोन खोल्या, पुढे शेणानं सारवलेली ओसरी. त्या सूप घेऊन ज्वारी पाखडत बसल्या होत्या. माझ्या पावलांवरूनच ओळखलं बहुतेक. "बसा मिस्तरी," म्हणाल्या आणि अशोकच्या बायकोला हाक मारून चहा ठेवायला सांगितला.

मी म्हणालो, "मावशी, माझं चुकलं."

"काय चुकलं? समदे म्हनत्यात चांगला झालाय."

त्यांनी सूप बाजूला ठेवलं. बराच वेळ त्या ज्वारीचे दाणे जमिनीवरून वेचत होत्या. मग बोलायला लागल्या.

"माझ्या पाठीवर एकच भाऊ. दाविद. आई गेली तवा त्यो चार वर्साचा. म्याच वाढवला. त्याला देवी आल्या. वाचला, पन डाव्या गालावर तीन खड्डे ऱ्हायले. दोन बारके, एक मोठा. ताप उतरला का नाय ते झोपंत हात लावून बगायची मी. ती सवयच लागली. मोठा झाला तरी झोपला की हात लावायची. चिडायचा."

चहा आला. त्यांनी कपाला हात लावून तो तसाच ठेवला.

"मोठा दुष्काळ पडला तवा आमी खडी फोडाया जायचो. एक दिस म्हनला, ममईला जातो, काम बगतो, मग तुला न्यायला येतो. माझा नवरा नुकताच गेला व्हता. जा म्हनलं. गेला. चिठ्ठी नाय, निरोप नाय. तवाचे फादर म्हनले, हरवलेलं अंतोनबाबा हुडकून देतो, दर मंगळवारी ये. म्या जाऊ लागले. तोंडावर हात ठेवायची आन् म्हनायची, माझा दाविद आनून दे. लई वर्सं तसंच म्हनलं."

"आणि?"

"एक मंगळवारी बोटाला गालावर खड्डा लागला. म्हनलं, रंग गेला आसंल. वर्सा-दोन वर्सानं दुसरा. मग त्यो मोठा. तवा मला दिसत व्हतं, मिस्तरी. म्या दिवा धरून बगितलं. जिथल्या तिथं हायेत. भाऊ नाय आला. भावाचं तोंड आलं. म्या म्हनलं, चालंल. तवापासनं मागनं सोडलं. निस्ती जाऊन बसायची. भाऊबीजेला ओवाळायची. ह्या गावातल्या बायका माहेरी जात्यात, मी तिथं जायची."

"हे तुम्ही मला सांगायला हवं होतं, मावशी."

"कुनालाच सांगितलं नाय. हसत्यात लोक. तुमाला म्हनलं ना, तोंड ऱ्हाऊ द्या."

त्या म्हणाल्या, "चा प्या, गार व्हतोय." मी प्यायलो. उठताना मी त्यांना सांगितलं की माझ्याकडे फोटो आहेत, मी ते तिन्ही खड्डे होते तसे परत करून देतो. तंतोतंत. त्यांनी नाही म्हटलं नाही आणि हो पण म्हटलं नाही.

गुरुवार

मी जायचा दिवस पुढे ढकलला. फादरांना काय झालं ते सांगितलं. ते म्हणाले, "नवी करा असं मी सांगितलं होतं. तुमचा एकट्याचा दोष नाही." त्यांचं मन मोठं म्हणून ते तसं म्हणाले. पण घासणारा हात माझा होता.

फोटो मोठा करून समोर ठेवला. अंतरं मोजली. चमच्याच्या आकाराचं बारीक हत्यार असतं, त्यानं गालाचा रंग काढला आणि लांबी कोरली. मोठ्या खड्ड्याची एक कड तीक्ष्ण होती, दुसरी झिजून गुळगुळीत झालेली. ती बाजू इतक्या वर्षांत सगुणाबाईंच्या बोटांनी झिजली असणार, हे आता मला कळत होतं. ती झीज मी बारीक कापडानं तासभर घासून आणली. नाकाचा शेंडा उतरवला. आयुष्यात एवढ्या काळजीनं काम केलं नव्हतं. काम करताना मी लुसीच्या अंतोनींना काहीतरी म्हणत होतो. प्रार्थना म्हणता येईल का ते माहीत नाही. जमू दे, एवढंच.

चारच्या सुमारास अशोक त्यांना घेऊन आला. फादर दारात थांबले. सगुणाबाईंनी हात वर केला. कपाळ, नाक, मग गाल. पहिला खड्डा, दुसरा. मोठ्याच्या कडेवरून त्यांचं बोट गेलं आणि तिथंच राहिलं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. ओठ हलत होते.

"तसंच हाय," त्या म्हणाल्या. "जरा बी फरक नाय."

मी हातातलं कापड खाली ठेवलं.

"हात चांगला हाय तुमचा." त्यांनी गालावरून हात काढला आणि चाचपत माझा दंड धरला. "पन हे तुमी केलंत, मिस्तरी. ते त्यानं केलं व्हतं."

एवढं बोलून त्यांनी माझ्या दंडावर दोनदा थोपटलं, लहान मुलाला थोपटतात तसं. मग अशोकला म्हणाल्या, "चल रे." ऊन अजून कडक होतं. दारातून त्या दोघांना जाताना मी पाहिलं. अशोक छोटी पावलं टाकत होता.

वसई

परतल्यावरही मी मूर्तींचं काम घेतो, पण चेहरा असेल तर आधी विचारतो, याला रोज कोण हात लावतं? लोकांना प्रश्न विचित्र वाटतो. दोन कामं त्यापायी गेली. एका जागी रोज हात लावणारी माणसं सापडली, तिथं मी नुसत्या कडा बांधून आलो.

फादर अधूनमधून फोन करतात. पावसाळ्यात म्हणाले, सगुणाबाई रविवारी मिस्साला येतात, सतरंजीवर पुढेच बसतात, सगळ्यांशी बोलतात. मंगळवारी येत नाहीत. अशोक मंगळवारी सकाळी सवयीनं रिक्षा काढून दारात उभी करतो आणि थोड्या वेळानं एकटाच फुलंब्रीला जातो. मूर्ती लोकांना आवडते. लग्नाचे फोटो आता तिच्यापुढे काढतात.

दिवाळीनंतर फादरांचा फोन आला तेव्हा आवाज जरा वेगळा होता. भाऊबीजेला त्यांनी चर्च उघडं ठेवलं होतं, दिवा लावून ठेवला होता, तेल घालत संध्याकाळपर्यंत बसले होते. कुणी आलं नाही. मग ते स्वतः अशोकच्या वस्तीवर गेले. सगुणाबाई अंगणात उभ्या होत्या. हातात ताट, ताटात निरांजन, सुपारी. अशोकच्या बायकोनं त्यांना खांद्याला धरून पश्चिमेकडं तोंड करून उभं केलं होतं आणि कुठं बघायचं ते सांगत होती.

"त्या चंद्राला ओवाळत होत्या, काका," फादर म्हणाले. "मी विचारलं नाही तिथं. ही काय पद्धत आहे? चंद्राला का?"

मी त्यांना सांगितलं की जिला भाऊ नसतो ती बाई भाऊबीजेला चंद्राला ओवाळते.

मग ते म्हणाले, "पण त्यांना तर होता ना?"

"होता," मी म्हणालो.